ट्वीटरवरचं कुंकू

जाळी काढली आणि मी बघतच राहिलो. माझ्या स्पीकरच्या ट्वीटरवर कुंकू होतं. नुसतं कुंकू नव्हे, खाली हळदीचं बोट होतं, आणि कडेला एक तांदळाचा दाणा चिकटून वाळला होता.

ट्वीटर म्हणजे पेटीत वरच्या अंगाला असते ती रुपयाएवढी रेशमी कापडाची टोपी. खालचा मोठा वुफर ढोलकी बोलतो, गाडीची घरघर बोलतो, माणसाचा भरदार आवाज बोलतो. पैंजण, टाळ, शिट्टी, असलं सगळं बारीक बोलायचं काम त्या टोपीचं. ती बाहेर फुगलेली असावी लागते. माझ्यासमोरची टोपी आत गेली होती, कणकेच्या गोळ्यात अंगठा दाबावा तशी. मी दुसऱ्या पेटीची जाळी काढली. तिथंही तोच प्रकार.

"मामी," मी म्हणालो, "ही पूजा कुणी केली?"

हौसामामी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "मीच की. खंडेनवमीला."

मग त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. नवरात्राच्या आधी घर धुवायला काढलं होतं. गोधड्या हिरण्यकेशी नदीवर नेऊन बडवून आणल्या. घरातलं एक कापड म्हणून ठेवलं नाही, तेव्हा या पेट्यांच्या तोंडावरचं काळं कापड तरी कसं ठेवायचं? तेही काढलं, साबणाच्या पाण्यातनं काढून गच्चीवर वाळवलं. आणि खंडेनवमीला शेगडी, मिक्सर, शिलाई मशीन, मामांची स्कूटर यांच्याबरोबर या दोघांनाही हळदकुंकू वाहिलं. मधोमध. ते डोळ्यागत दिसत होतं म्हणून. पूजा झाल्यावर जाळ्या होत्या तशा बसवून टाकल्या.

"दाबून लावलं का?" मी विचारलं.

"दाबल्याशिवाय कुंकू बसतंय व्हय कापडावर?"

मी कपाळाला हात लावला. सहा महिने राबून केलेली वस्तू, आणि बाईनं तिचे दोन्ही डोळे फोडून वर त्यांना ओवाळलं होतं. पण मामींना काही वाईट वाटल्याचं दिसेना. उलट त्यांचा चेहरा फुलला. "म्हंजे आवाज बसला तो माझ्या अंगठ्यानं? माझ्यामुळंच न्हवं?" असं त्यांनी मला तीनदा विचारलं. आपली चूक निघाली म्हणून एवढं खूश होणारं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं. मागं भिंतीशी त्यांचे यजमान, आजगेकरमामा, बसले होते, तेही बायकोवर ओरडले नाहीत. नुसते पुढं सरकून बसले.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आता ते दोघंही नाहीत, म्हणून सांगतोय.

मी सर्जेराव सुतार, कोल्हापूरचा. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या दारं-खिडक्या केल्या. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलो आणि दोन्ही धंदे एका ठिकाणी आणले. उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये पुस्तकाच्या फळीवर मावतील असे छोटे स्पीकर करायला लागलो. नाव ठेवलं 'मंजुळ'. साडेचार हजाराला जोडी. गाण्यालाही चालावी आणि टीव्हीला जोडून घरातल्या घरात पिक्चरचा थाटही व्हावा, असा हिशेब. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो आणि नाक आभाळाला लागलेलं. आपल्यासारखी पेटी दिल्लीपर्यंत कुणी करत नाही असं मी चारचौघांत बोलायचो. दिल्ली बघितली नव्हती.

पुण्याचे एक दुकानदार होते, आगाशे म्हणून. ते जाहिरातीवर विश्वास ठेवायचे नाहीत. स्पीकर ज्यानं विकत घेतलाय आणि सहा महिने घरात वाजवलाय, त्याच्या हातचं पत्र आणा, म्हणायचे. असली पत्रं ते दुकानाच्या भिंतीवर लावत. पहिल्या दहा मालकांची मतं आणा, चांगली असली तर तुमची जोडी माझ्या फळीवर, असं त्यांनी सांगितलं. मी दहा जणांना जोडकार्डं, म्हणजे उत्तराचं कोरं कार्ड जोडलेली पोस्टकार्डं, पाठवली.

नऊ आली. इचलकरंजीच्या एका मास्तरांनी लिहिलं, तबल्याची शाई सुद्धा ऐकू येते. जयसिंगपूरच्या दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं, दवाखान्यात लावल्यापासून पेशंट कमी ओरडतात. चप्पललाइनीतल्या एका दुकानदारानं लिहिलं, गाण्याला एक नंबर, पण पिक्चरमध्ये स्फोट झाला तरी शोकेसमधल्या बशा हलत नाहीत, तेवढी उणीव. एका बाईनं फक्त एवढंच लिहिलं की मिस्टर आता संध्याकाळी घरी असतात. मी हवेत होतो.

आणि हवेत असलेला माणूस जास्त बोलतो. मी आगाश्यांना फोनवर म्हणालो, "ही नऊ सोडा हो. माझं दहावं गिऱ्हाईक म्हणजे गडहिंग्लजचे यशवंत आजगेकर. चौतीस वर्षं थेटरात ऑपरेटर होते. त्यांचा कान म्हणजे कान. त्यांचं पत्र आलं की तुम्ही स्वतः जोडी घरी न्याल."

"मग तेच आणा," आगाशे म्हणाले. "बाकीची नसली तरी चालतील. महिनाअखेर मी दिवाळीनंतरचा माल ठरवतो, त्याआधी आणा."

चार दिवसांनी ते कार्ड आलं. "आवाज बोदा. संवाद कोंडल्यासारखे. घुंगरू अजिबात नाहीत. पब्लिकला असला आवाज देणं बरोबर नव्हे, सबब रविवारचा खेळ बंद केला आहे. कळावे. य. रा. आजगेकर, निवृत्त ऑपरेटर."

मी कार्ड दोनदा वाचलं, खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. मनात एकच होतं, म्हाताऱ्याला त्याची चूक दाखवायची, नवं कार्ड लिहून घ्यायचं आणि तसंच पोस्टात टाकायचं. वाटेत भांडण पाठ करत गेलो.

आजगेकरांच्या दाराशी एक पाटी टांगलेली होती, शाळेतल्या पोरांची असते तसली. मी मे महिन्यात जोडी बसवून दिली तेव्हा तिच्यावर खडूनं लिहिलेलं होतं, "आज ४ वा." थेटर बंद पडलं, तेव्हा मामांनी तिथली नंबर घातलेली एक लोखंडी खुर्ची आणली आणि पुढच्या खोलीलाच थेटर केलं. दर रविवारी चारला एक पिक्चर. समोर मोठा टीव्ही, दहा-बारा प्लॅस्टिकच्या खुर्च्या. गल्लीतली माणसं यायची. पैसे नाहीत, फक्त चारच्या आत येऊन बसायचं, एवढाच नियम. मामा सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून, आपल्या लोखंडी खुर्चीत. पहिल्या भेटीतच मला त्यांनी केबिनची गोष्ट सांगितली होती. पिक्चर दाखवायची दोन मशिनं, त्यांचा असला खडखडाट की शेजारच्याचं बोलणं कळायचं नाही. पब्लिकला काय ऐकू जातंय ते कळावं म्हणून ऑपरेटरच्या डोक्याजवळ एक छोटा स्पीकर टांगलेला असायचा, त्याला मॉनिटर म्हणायचे. मॉनिटर नसलेला ऑपरेटर म्हणजे आंधळा, असं मामा म्हणाले होते. आवाज बिघडला की पब्लिकनं ओरडायच्या आत त्यांचा हात बटणावर जायचा, याचा त्यांना केवढा अभिमान.

आज पाटीवर लिहिलं होतं, "खेळ बंद." खडू पुसट झाला होता. म्हणजे बरेच रविवार झाले होते.

दार मामींनी उघडलं. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या. साठी ओलांडलेल्या बाईनं नव्या नवरीगत चुडा भरलेला बघून मला वाटलं, घरात कुणाचं लग्न निघालंय. पण मी तापलेलो होतो, विचारलं नाही. सरळ स्पीकरपाशी गेलो आणि जाळी काढली. तिथं कुंकू निघालं.

तर आता माझी सरशी होती. ओल्या कापसानं मी कुंकू पुसलं, चिकटपट्टीचा तुकडा टोपीवर हलका दाबला आणि ओढला. टप् असा आवाज झाला आणि टोपी बाहेर आली. दुसरीही आली. नशीब, कापड फाटलं नव्हतं. मी जाळ्या बसवल्या आणि कमरेवर हात ठेवून मामांना म्हणालो, "आता लावा काय लावायचं ते."

मामांनी कुठली डिस्क लावायची ते ठरवून ठेवलेलंच होतं. एक जुना तमाशाचा पिक्चर. तो त्यांनी थेटरात अकरा आठवडे चालवला होता, दिवसाला तीन खेळ. त्यात एक नाच होता. ढोलकी चढत चढत जाते आणि एकदम थांबते, मग नाचणारी बाई एकटी पायानं बोलते, नुसते घुंगरू. तिथं थेटरात पैसे उडायचे, मामा म्हणाले, आणि पैसे पडल्याचा आवाज मशिनांच्या खडखडाटातही केबिनपर्यंत यायचा.

ढोलकी चढली. मामांनी एक बोट वर केलं. मामी स्पीकरकडं बघत नव्हत्या, टीव्हीकडंही नाही. त्या नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होत्या.

ढोलकी थांबली आणि खोलीत घुंगरू वाजायला लागले. काय वाजले म्हणून सांगू. एकेक घुंगरू सुटा. मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की हसू आलं.

मामांचं बोट तसंच वर होतं. "इथं," ते म्हणाले. "इथं घुंगरू पाहिजेत. ऐक. न्हाईत."

घुंगरू वाजतच होते. मी तोंड उघडलं. तेवढ्यात मामी म्हणाल्या, "न्हाईत खरं. मलाबी न्हाई ऐकू आले."

माझ्या डोक्यात सणक गेली. म्हटलं, ही दोघं मिळून माझी टवाळी करताहेत, का पैसे परत पाहिजेत? आणखी एक क्षण तिथं थांबलो असतो तर मी तोंडातनं काहीतरी वाईट काढलं असतं. पाणी पिऊन येतो म्हणालो आणि आत स्वयंपाकघरात गेलो. मामी माझ्यामागं आल्या. त्यांनी दार पुढं केलं.

"तुला ऐकू आले न्हवं?" त्यांनी हळू विचारलं.

"म्हणजे? तुम्हाला नाही आले?"

"आले की. लई ग्वाड आले."

मला काही कळेना. त्यांनी तांब्यातनं पाणी ओतलं, फुलपात्र माझ्या हातात दिलं आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग हळूहळू बोलायला लागल्या. दोन वर्षं झाली होती. आधी मामांना कुकरची शिट्टी ऐकू येईना, मग पाखरं, मग फोन. पिक्चर अजून कळायचा, कारण पिक्चर त्यांना पाठ असायचे. मामी म्हणाल्या, पूर्वी हे पुढच्या खोलीत बसून मी आत काय करतीय ते सांगायचे. बांगड्यांवरनं. आत्ता कणीक मळतीस, आत्ता पीठ चाळतीस, आत्ता नुसतीच रागानं भांडी आपटतीस. लग्न झाल्यापासनं हा खेळ होता त्यांचा. तो कधी थांबला ते कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी चार बांगड्या जास्त भरल्या. मग आणखी चार. मग डझनभर.

मी त्यांच्या हातांकडं बघितलं. फुलपात्र माझ्या हातात तसंच राहिलं.

"आज तू कुंकू दाखिवलंस," मामी म्हणाल्या, "तवा मला वाटलं, माझ्याच अंगठ्यानं झालंय हे सगळं. त्यांच्या कानाचं काय न्हाई. देवापुढं साखर ठेवायचं मी मनात बोलले बी."

मी डॉक्टरांचं विचारलं, कानाच्या मशिनीचं विचारलं. मामींनी मान हलवली. तो विषय एकदा जावयानं काढला होता, तर मामा दोन दिवस जेवले नव्हते. ज्या माणसाला चौतीस वर्षं सगळा गाव त्याच्या कानामुळं ओळखत होता, त्याला कसं सांगायचं की आता कान गेला?

"त्यांना सांगू नको बाबा," मामी म्हणाल्या. "पेटीतच दोष हाय म्हण. तुझं पुण्याचं काम बुडंल, मला कळतंय. तुझ्या पाया पडते."

त्या खरंच वाकल्या. मी मागं सरलो तो पाठ मांडणीवर आपटली.

खरं सांगतो, मी लगेच मोठ्या मनाचा वगैरे झालो नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. माझ्या पेटीत एका फुटक्या पैशाचा दोष नव्हता. मी तो दोष मान्य करायचा, तोही ज्याच्या नावानं पुण्यात टिमकी वाजवली त्याच माणसापुढं? पण पुढच्या खोलीत मामा तो नाच परत मागं नेऊन लावत होते. ढोलकी चढायची, थांबायची, घुंगरू वाजायचे. पुन्हा ढोलकी. तो माणूस तिथं एकटा बसून घुंगरू शोधत होता.

मी बाहेर आलो. "मामा," मी म्हणालो, "तुमचं बरोबर आहे. वरचा आवाज कमी पडतोय. चूक माझ्याकडचीच आहे. रविवारी येऊन दुरुस्त करतो."

मला वाटलं होतं, ते खूश होतील, मी म्हणत नव्हतो का, म्हणतील. तसं काही झालं नाही. त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पुण्याच्या पत्राचं कसं?"

"राहू दे. गेलं तर गेलं."

निघताना मामींनी डबा दिला, तो घेतला आणि स्टँडवर आलो.

परतीची एसटी जुनी होती. खिडक्यांच्या काचा, पत्रा, सगळं खडखडत होतं. शेजारचा माणूस फोनवर बोलत होता, एका कानात बोट घालून, दुसऱ्या कानावर फोन दाबून. खडखडाटात कुणाचंही असं होतं. कागलजवळ कुठंतरी मला केबिनमधली ती दोन मशिनं आठवली आणि मामांच्या डोक्याजवळ टांगलेला छोटा स्पीकर आठवला. चौतीस वर्षांच्या त्या खडखडाटानंच त्यांचा कान खाल्ला होता. आणि त्या खडखडाटात त्यांचं निभावलं होतं ते मॉनिटरवर. मी गाडीत मोठ्यानं "हात् तिच्या" म्हणालो. शेजारच्याला वाटलं, त्यालाच म्हणालो.

घरी पोचल्यावर पहिल्यांदा आगाश्यांना फोन केला आणि दहावं पत्र चांगलं नाही, असं सांगून टाकलं. ते म्हणाले, मग थांबू या. बरं म्हणालो आणि शेडमध्ये गेलो.

शिसवीचा एक तुकडा बापानं कधीपासून जपून ठेवला होता, तो न विचारता कापला. वीतभर उंचीची एक पेटी केली. तिच्यात ट्वीटर बसवला आणि त्याला लगाम घालायला आम्ही जे पार्ट लावतो ते लावलेच नाहीत. उलट वर छोटा अँप्लिफायर, आणि आवाज कमीजास्त करायला एक पितळी खुंटी. मंजुळ तर तो मुळीच नव्हता. माझ्या कानात सुई घातल्यासारखा वाजायचा. बायको शेडच्या दाराशी येऊन म्हणाली, बंद करा ते, दात आंबले माझे. मी म्हणालो, तुझ्यासाठी नाही तो.

रविवारी दुपारी दोनला मी गडहिंग्लजला पोचलो. पाटीवर "खेळ बंद" तसंच होतं. मामा खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून. मी पिशवीतनं शिसवीची पेटी काढली.

"चूक सापडली," मी म्हणालो. "मी पब्लिकचे स्पीकर दिले, ऑपरेटरचा दिलाच नाही. केबिनला मॉनिटर नको?"

मामांनी पेटी हातात घेतली. लाकडावरनं अंगठा फिरवला, खुंटी फिरवून बघितली. "कुणी सांगितलं तुला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच. मे महिन्यात."

मी त्यांच्या खुर्चीमागं, उजव्या कानापासून हातभर अंतरावर खिळा ठोकला, पेटी टांगली, वायर भिंतीच्या कडेनं पुढं नेली. मामी दारात उभ्या होत्या. या खेपेला त्यांनी कुठंच बघितलं नाही, डोळेच मिटून घेतले होते.

तोच नाच लावला. ढोलकी चढली, मामांचं बोट वर गेलं, ढोलकी थांबली. मामांनी खुंटी फिरवली, आणखी फिरवली. मला कान दाबून धरावेसे वाटत होते, पण हलायची छाती झाली नाही. आणि त्यांचं बोट, ते वर धरलेलं बोट, हळूहळू ताल धरायला लागलं. बरोबर घुंगरांवर.

"आले," मामा म्हणाले. "लांबनं येताहेत, पण आले."

त्यांचे डोळे भरले होते, माझेही. मामी आत निघून गेल्या आणि नाक शिंकरल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं मामा उठले, स्वतः दाराशी गेले, शर्टाच्या बाहीनं पाटी पुसली आणि खडूनं लिहिलं, "आज ४ वा." अक्षर असं वळणदार की छापल्यासारखं.

मग कपाटातनं एक कार्ड काढून त्यांनी मला दिलं. आदल्या रात्रीच लिहून ठेवलं होतं म्हणे. मी वाचलं. "स्पीकर चांगले आहेत. गाण्याला आणि पिक्चरला, दोन्हीला. आधीच्या कार्डात लिहिलेला दोष स्पीकरचा नव्हता. सदर कारागिराचा माल खुशाल ठेवावा. य. रा. आजगेकर." मी म्हणालो, मामा, याची काय गरज नव्हती. पण कार्ड खिशात घातलं, खोटं कशाला बोलू. दोष स्पीकरचा नव्हता म्हणजे मामींच्या अंगठ्याचा, असाच मी अर्थ लावला. आदल्या दिवशी मॉनिटर आलेलाच नव्हता, त्यांनी हे कशावरनं लिहिलं, एवढा विचार करायला मी थांबलो नाही. त्याच कार्डावर पुढं आगाश्यांच्या फळीवर माझी जोडी गेली आणि माझं दुकान उभं राहिलं.

पावणेचारला माणसं यायला लागली. शेजारची शिंपीण, शाळेतला शिपाई आणि त्याची म्हातारी आई, दोन-चार पोरंसोरं. किती दिवसांनी हो मामा, असं प्रत्येक जण म्हणत होता. मामा कुणाला उत्तर देत नव्हते, घड्याळ बघत होते. बरोबर चारला त्यांनी पडदे ओढले. माझी खुर्ची त्यांच्या शेजारीच होती.

पिक्चर विनोदी होता. पब्लिक हसलं की मामा पब्लिकच्या किंचित आधी हसायचे. मध्येच त्यांचा हात खुंटीवर जायचा, कधी रिमोटवर, एखादा संवाद बारीक असला की आधीच आवाज वर. मी नुसता त्यांचा हात बघत बसलो होतो. माझ्या हातची एवढी चांगली वस्तू पुन्हा झाली नाही.

अर्ध्या तासानं मामी चुरमुऱ्यांची परात घेऊन आल्या. अंधारात, वाकून, खुर्च्यांच्या मधनं. एकेकाच्या ओंजळीत चुरमुरे घालत होत्या आणि हात वर-खाली झाला की सगळा चुडा किणकिणत होता.

"हौसा," मामा मोठ्यानं म्हणाले, "बांगड्या किती वाजवतीस. पब्लिकला ऐकू दे की."

सगळी खोली मागं वळून हसली. मामी परात घेऊन जागच्या जागी उभ्या राहिल्या. टीव्हीच्या उजेडात त्यांचा चेहरा मला दिसला. एका हातानं त्यांनी दुसऱ्या हातातल्या बांगड्या गच्च दाबून धरल्या, जणू खरंच त्रास होतोय लोकांना, आणि कशाबशा भिंतीशी जाऊन खाली बसल्या. पदर तोंडाला लावला होता. पोरं चुरमुऱ्यांसाठी हात पुढं करत होती तिकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

माझी छाती गर्वानं फुगली. मॉनिटरमुळं एवढा फरक पडला, असं मी मनात म्हणत होतो. एवढं इलेक्ट्रॉनिक्स शिकून माझ्या डोक्यात आलं नाही, की मॉनिटरमधनं फक्त पिक्चर ऐकू येतो. खोलीतल्या बांगड्या त्यात कुठनं येणार?

मामा माझ्याकडं झुकले. कानाशी तोंड आणून, अगदी हळू, विचारलं, "वाजत हुत्या न्हवं रं? मला नुसता हात दिसला."

"वाजत होत्या, मामा," मी म्हणालो. आणि मग लक्षात आलं, ते माझ्या तोंडाकडं बघताहेत, ओठांकडं. म्हणून मान हलवून परत एकदा सांगितलं.

"मग झालं," ते म्हणाले. "तिला सांगू नको." आणि मॉनिटरची खुंटी जरा वर करून पिक्चर बघायला लागले.